मोजणीदाराने वाचलेला स्ट्रॅबो

पूर ओसरून महिना झाला की हद्द कायम मोजणीचे अर्ज यायला लागायचे. कृष्णाकाठच्या गावांत हे ठरलेलंच. गाळ वाळून भेगाळलेला असायचा, बांध कुठे होता ते कुणाला सांगता यायचं नाही, हद्दीचे दगड एक तर गाळाखाली गेलेले, नाही तर वाहून गेलेले. एका काठाची मळी तुटलेली, समोरच्या काठाला भर पडलेली. चुलतभाऊ शेतात समोरासमोर उभे, आणि मधे मी, माझा प्लेन टेबल आणि साखळी धरणारा माणूस. १९८४ ते २०१८ अशी चौतीस वर्षं मी मोजणीदार होतो. त्यातली निम्मी तरी नदीकाठच्या तालुक्यांत गेली.

२०२३ च्या डिसेंबरात आम्ही दोघं इजिप्तला जाऊन आलो. जायच्या आधी लेकीने टॅबलेटवर स्ट्रॅबो या दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक लेखकाच्या भूगोलाचं इंग्रजी भाषांतर घालून दिलं. आठ खंड. म्हणाली, “बाबा, सगळं वाचायला वर्ष जाईल. सतरावं पुस्तक तेवढं वाचा, त्यात इजिप्त आहे.” मूळ ग्रंथ सतरा पुस्तकांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने सतरा मोठी प्रकरणं. मी सतरावं उघडलं, आणि सुरुवातीच्या दोन-तीन पानांतच मला माझं खातं भेटलं.

स्ट्रॅबो सांगतो: नाईलला पूर आला की ती कुणाची जमीन कापून नेते, कुणाची वाढवते, शेताचा आकार बदलते, आपलं कुठलं आणि परक्याचं कुठलं हे ज्या खुणांवरून कळायचं त्या खुणाच बुजवून टाकते. म्हणून या देशात जमिनीची वाटणी अगदी बारीक करावी लागली, आणि मोजणी पुन्हा पुन्हा करावी लागते. भूमिती इथेच जन्माला आली, असं लोक सांगतात.

आमच्याकडे ‘कमी-जास्त पत्रक’ नावाचा एक कागद असतो. बोलताना आम्ही त्याला कजाप म्हणतो. क्षेत्र घटलं किंवा वाढलं की या कागदावर नोंद होते आणि मग ती सातबाऱ्यावर उतरते. ‘कापून नेते, वाढवते’ हे शब्द वाचले आणि तो कागदच डोळ्यांसमोर आला. भूमिती हा शब्द आपण शाळेत प्रमेयांसाठी वापरतो, पण शब्दात भूमी आहे आणि मोजणं आहे, आणि ग्रीक शब्दाचा अर्थही अक्षरशः तोच आहे. जिल्हा, त्याचे तालुके, तालुक्यांचे आणखी तुकडे, आणि सगळ्यांत शेवटी अरूरा हा सर्वांत लहान तुकडा, अशी इजिप्तची उतरंड तो देतो. आमचं तसं माप म्हणजे गुंठा. तेहतीस फुटांची साखळी, साखळीचे सोळा आणे, आणि साखळीभर लांब, साखळीभर रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. जुनी टिपणं सगळी साखळी-आण्यांत आहेत.

तिथेच तो पुराचे आकडे देतो. पाणी चौदा हात चढलं तर भरघोस पीक आणि आठच हात चढलं तर दुष्काळ, असा जुना अनुभव. पण पेट्रोनियस नावाचा रोमन सुभेदार असताना बारा हात पाण्यावरच सगळ्यांत मोठं पीक आलं, आणि एका साली पाणी आठ हातच चढलं तरी कुणी उपाशी राहिलं नाही. कारण कालवे आणि बांध-बंधारे नीट राखलेले होते. निसर्ग कमी पडला तरी माणसाची मेहनत ते भरून काढते, हे त्याचं मत. मला तो इथे आवडायला लागला. इतिहासातल्या लढायांबद्दल कितीही लिहिणारे असतात. कालवा साफ केला म्हणून गाव जेवलं, हे लिहून ठेवणारा विरळा.

सतरावं संपल्यावर मी पहिल्या पुस्तकापासून सुरुवात केली. लेक म्हणाली तसं वर्ष गेलंच, थोडं जास्तच.

स्ट्रॅबो इ.स.पू. ६४ च्या सुमारास अमासिया इथे जन्मला. आजच्या तुर्कस्तानातलं अमास्या. स्वतःच्या गावाचं वर्णन तो बाराव्या पुस्तकात करतो. खोल दरी, तिच्यातून वाहणारी आयरिस नदी, वर सरळसोट कडा, कड्याला दोन शिखरं, खडकात राजांची थडगी, आणि वेढा पडला तर पाणी तुटू नये म्हणून कातळातून खाली उतरणारे गुप्त जिने. शहरातून वस्तीकडे एक पूल, वस्तीतून बाहेर दुसरा पूल. शेजारच्या खोऱ्याला नावच ‘हजार गावांचं मैदान’. वाचताना नकाशा आपोआप मनात उमटतो. जन्मगाव असूनही कुठे गहिवर नाही, नुसत्या जागा एकामागून एक सांगत जातो. गाव पाठ असल्याशिवाय असं सांगता येत नाही.

त्याचं घराणं पाँटसच्या राजांच्या पदरचं. आजोबांनी मिथ्रिडेटीस राजाची साथ सोडली आणि पंधरा किल्ले रोमन सेनापती लुकुलसच्या हवाली केले. मोबदल्याची वचनं मिळाली होती. लुकुलस गेला, पॉम्पी आला, आणि त्याने ती वचनं मानायचं नाकारलं. ही तक्रार नातवाने ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. ज्यांनी आपल्या आजोबांना फसवलं त्याच रोमन राज्यकर्त्यांच्या उपयोगासाठी पुढे तो हा सगळा ग्रंथ लिहितो. तो स्पष्टच म्हणतो की भूगोल हा मुख्यतः कारभाऱ्यांच्या आणि सेनापतींच्या कामाचा आहे, शिकाऱ्यालासुद्धा रान ठाऊक असेल तरच शिकार नीट साधते. महसूल खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे पटतं. नकाशा हा कुणीतरी कशासाठी तरी मागितलेला असतो.

प्रवासाबद्दल त्याचं एक ठाम विधान आहे. पूर्वेला आर्मेनिया, पश्चिमेला सार्डिनिया बेटासमोरचा इटलीचा किनारा, उत्तरेला काळा समुद्र, दक्षिणेला इथिओपियाची सीमा, एवढ्या पल्ल्यात मी फिरलो आहे, आणि भूगोल लिहिणाऱ्यांत चारही दिशांना इतकं फिरलेला दुसरा नाही. पण त्याने वर्णन केलेलं जग याहून कितीतरी मोठं आहे, स्पेनपासून हिंदुस्थानपर्यंत. त्याच्या हिशेबाने वस्तीच्या जगाची लांबी सत्तर हजार स्टेडिया, म्हणजे साधारण साडेबारा हजार किलोमीटर. त्यातला स्वतःच्या पायाखालचा भाग थोडा. बाकी सगळं वाचून आणि विचारून.

स्वतः पाहिलेल्या जागा मात्र ओळखू येतात. तिथे त्याचं वाक्य बदलतं. इटलीच्या किनाऱ्यावर पोपुलोनियम नावाचं गाव आहे. एराटोस्थेनिसने, म्हणजे पृथ्वीचा परीघ काढणाऱ्या थोर माणसाने, लिहून ठेवलं होतं की मुख्य भूमीवरून कॉर्सिका आणि सार्डिनिया ही बेटं दिसत नाहीत. स्ट्रॅबो म्हणतो, मी पोपुलोनियमच्या टेकडीवर चढलो आणि मला ती दिसली. सार्डिनिया दूर आणि पुसट, कॉर्सिका जरा जवळ. त्याच ओघात तो सांगतो की आजूबाजूच्या खाणी बंद पडल्या आहेत, आणि समोरच्या एल्बा बेटावरून आणलेलं लोखंड गाळणारी माणसं मी काम करताना पाहिली, कारण बेटावर ते गाळता येत नाही. कागदावर एक आणि जागेवर दुसरं, हे पाहायला टेकडी चढावीच लागते. मी किती तरी वेळा चढलो आहे.

कोरिंथलाही तो गेला. रोमनांनी ते शहर इ.स.पू. १४६ मध्ये धुळीला मिळवलं होतं, शंभर वर्षांनी सीझरने पुन्हा वसवलं. नव्या वसाहतीच्या सुरुवातीच्या दिवसांतच स्ट्रॅबो तिथल्या गडावर चढून आला. वर्णन सुरू करतानाच तो सांगून टाकतो की यातलं काही जुन्या लेखकांचं आहे आणि काही मी पाहिलेलं आहे.

सर्वांत जिवंत जागा मात्र अगदी लहान आहे. गियारोस नावाचं एजियन समुद्रातलं खडकाळ बेट. त्याचं जहाज तिथे एक रात्र थांबलं. बेटावर कोळ्यांची छोटी वाडी. सकाळी निघताना त्यांच्यातला एक माणूस जहाजावर चढला. गावाने त्याला सीझरकडे पाठवलं होतं (म्हणजे ज्याला आपण ऑगस्टस म्हणतो तो, तो तेव्हा कोरिंथला होता), सारा कमी करून मागायला. शंभर द्राख्मा भरतानाच जीव मेटाकुटीला येतो आणि आमच्यावर दीडशे बसवलेत, असं त्या कोळ्याचं म्हणणं. मागणी मान्य झाली की नाही ते स्ट्रॅबो सांगत नाही. तो माणूस, ती रक्कम आणि तो समुद्र एवढंच आहे. तहसील कचेरीच्या व्हरांड्यात हातात अर्ज घेऊन उकिडवी बसलेली माणसं मी रोज पाहिली. त्यातला एक दोन हजार वर्षं मागे त्या जहाजावर चढलेला मला दिसतो.

इजिप्तमध्ये तो एलियस गॅलस या सुभेदाराबरोबर फिरला. दोघं मित्र. नाईलने वर वर जात सायीनीपर्यंत, म्हणजे आजच्या आस्वानपर्यंत पोचले. वाटेत अर्सिनोई शहरात त्यांच्या यजमानाने देवाची मगर दाखवायला तळ्यावर नेलं. बरोबर वडी, भाजलेलं मांस आणि मध घातलेल्या पेयाचा लहानसा तांब्या. पुजाऱ्यांनी मगरीचा जबडा उघडला, एकाने वडी घातली, मग मांस, मग वरून पेय ओतलं. मगर पाण्यात शिरून पलीकडच्या काठाला गेली. तेवढ्यात दुसरा परदेशी पाहुणा नैवेद्य घेऊन आला, मग पुजारी तळ्याला वळसा घालून पळत गेले आणि तिला पुन्हा तसंच भरवलं. हे पळत जाणं ऐकीव असतं तर त्याने लिहिलं नसतं, असं मला वाटतं. ते जागेवर उभं राहिलेल्यालाच दिसतं.

आस्वानला आम्ही एलिफंटाइन बेटावरचा नाईलमापक पाहिला. दगडी पायऱ्या नदीच्या पाण्याकडे उतरतात आणि भिंतीवर मापाच्या रेघा आहेत. स्ट्रॅबोने त्याचं वर्णन केलं आहे: नदीकाठची चिरेबंदी विहीर, तिच्यावर जास्तीत जास्त, कमीत कमी आणि मध्यम पुराच्या खुणा. पूर किती येणार हे पाहून लोकांना आधीच सांगायचे. शेतकऱ्याला पाणी आणि बंधाऱ्यांचं नियोजन करायला उपयोग, आणि अधिकाऱ्यांना महसुलाचा अंदाज बांधायला, कारण पूर मोठा तर सारा मोठा. मी खालच्या पायरीपर्यंत गेलो. १९७० साली मोठं धरण पूर्ण झाल्यापासून तिथे पूर येत नाही, त्या रेघांपर्यंत पाणी चढत नाही. हात लावून पाहिला, दगड कोरडा आणि ऊबदार होता.

तिथून फिली बेटाकडे तो बैलगाडीसारख्या गाडीतून गेला आणि बेटावर पोचायला वेताच्या विणलेल्या होडीत बसला. टोपलीसारखी वीण, पाय पाण्यात किंवा लहान फळीवर बूड टेकून बसायचं. आम्हाला भीती वाटत होती पण ती विनाकारण होती, माणसं जास्त भरली नाहीत तर धोका नसतो, असं तो लिहितो. आमच्याकडे पुरात गुळाच्या काहिलीतून माणसं पैलतीराला नेतात. माझ्या नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात मी तसा गेलो आहे. कडेला हात ठेवायचा नाही, मधोमध बसायचं, आणि काहिल वल्हवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायचं. म्हणून मला त्याची ती भीती नेमकी कुठे असते ते ठाऊक आहे. स्ट्रॅबोची फिली आता धरणाच्या पाण्याखाली आहे, देवळं दगड-दगड सोडवून शेजारच्या उंच बेटावर उभी केली आहेत. आम्ही मोटरबोटीने गेलो.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला बसलो.

दुसऱ्या पुस्तकात स्ट्रॅबो म्हणतो की ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्यालाच कळलं, असं मानणारा माणूस कानाचा निवाडाच रद्द करतो, आणि ज्ञानाच्या कामी कान डोळ्यांपेक्षा कितीतरी मोठा आहे. सफरचंदाचं उदाहरण देतो. रंग, वास, स्पर्श, चव हे सगळं इंद्रियं वेगवेगळं आणून देतात, आणि त्यातून ‘सफरचंद’ मन घडवतं. तसंच पृथ्वीचं. ज्याने जो तुकडा पाहिला तो त्याने आणून द्यायचा आणि जोडणाऱ्याने अख्खी आकृती उभी करायची. सेनापती काय सगळीकडे स्वतः हजर असतो का? दूतांच्या निरोपांवर विसंबूनच तो हुकूम सोडतो.

हे वाचून मी टॅबलेट बाजूला ठेवला. माझं सगळं शिक्षण याच्या उलट झालं होतं. साखळी खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, असं माझ्या पहिल्या वरिष्ठांनी मला शिकवलं होतं.

पण वाचत गेलो तसं दिसायला लागलं की हा मोठा नियम सांगणारा माणूस कुणाचं ऐकायचं याबाबतीत फार निवडक आहे. पिथियस नावाचा एक दर्यावर्दी होता, आजच्या मार्सेचा. इ.स.पू. ३२५ च्या सुमारास तो ब्रिटन आणि त्याच्याही उत्तरेला गेला, थूली नावाच्या भूमीची हकिगत घेऊन आला, आणि तिथे जमीन, समुद्र आणि हवा वेगळी राहत नाही, सगळं मिळून जेलीफिशसारखं काहीतरी होतं, असं सांगितलं. स्ट्रॅबो त्याला सरळ खोटारडा म्हणतो, एकदा नाही, जागोजागी. पोलिबियस या इतिहासकाराचा एक आक्षेपही तो उतरवून घेतो: एक खासगी आणि त्यातून गरीब माणूस एवढं अंतर फिरेलच कसा? पिथियसवर विश्वास नाही म्हणून स्ट्रॅबो वस्तीचं जग आयर्लंडपाशीच संपवतो. त्याच्यापुढे माणसं राहत होती. कास्पियन समुद्राचंही तसंच. हिरोडोटसने तो चारही बाजूंनी बंद आहे असं चारशे वर्षं आधी बरोबर लिहिलं होतं, आणि स्ट्रॅबोने विद्वानांच्या मागे जाऊन त्याला महासागराची खाडी ठरवलं.

हिंदुस्थानचं पंधरावं पुस्तक मी फार आशेने उघडलं होतं. सुरुवातीलाच तो विनवतो की या देशाबद्दलची माहिती वाचकांनी उदार मनाने घ्यावी, कारण तो फार दूर आहे आणि आमच्यापैकी थोड्यांनीच पाहिला आहे, ज्यांनी पाहिला त्यांनीही तुकड्या-तुकड्यांनी, सैन्याबरोबर पळता पळता. सिकंदराबरोबर आलेल्या माणसांच्या आणि मेगॅस्थेनिसच्या नोंदी तो जुळवतो. कान पांघरून झोपणाऱ्या, तोंड नसलेल्या माणसांच्या गोष्टी सांगितल्याबद्दल मेगॅस्थेनिसला झाडतो, आणि तरी पाटलीपुत्राची लाकडी तटबंदी आणि शहराचा कारभार त्याच्याकडूनच घेतो. वडाचं वर्णन अप्रतिम आहे. फांद्या वाढतात, मग खाली वाकतात, जमिनीला टेकून मूळ धरतात, पुन्हा नवं झाड. एका झाडाच्या सावलीत अरिस्टोब्युलसच्या मते पन्नास घोडेस्वार दुपार काढू शकतात, ओनेसिक्रिटसच्या मते चारशे. दोन्ही साक्षी तो शेजारी-शेजारी ठेवतो. पंचनामा असाच लिहायचा असतो. पाण्यात उभं राहणारं भाताचं पीक आहे, झाडाला लागणारी लोकर म्हणजे कापूस आहे, आणि मधमाश्यांशिवाय मध देणारा बोरू आहे. हा बोरू म्हणजे ऊस, आमच्या कृष्णाकाठचा सगळा संसार.

पण दख्खन नाही. आपला किनारा नाही. आणि त्याचं कारण तो स्वतःच देतो. इजिप्तला गॅलसबरोबर असताना त्याने ऐकलं की लाल समुद्रावरच्या मायोस होर्मोस बंदरातून वर्षाला एकशे वीस जहाजं हिंदुस्थानला जातात. हा आकडा त्याचाच. म्हणजे आपला किनारा पाहून आलेली शेकडो माणसं त्या नदीकाठी, त्या बंदरांत, त्या खानावळीत होती. आणि पंधराव्या पुस्तकात तो काय म्हणतो? हे व्यापारी खासगी, साधी माणसं, ठिकाणांच्या शोधाच्या दृष्टीने निरुपयोगी. त्याने त्यांना विचारलंच नाही.

हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. एका संध्याकाळी कुठल्या तरी तांडेलाला समोर बसवून घेतलं असतं तर? कारण पुढे थोड्याच दशकांत तशाच एका अनाम व्यापाऱ्याने ग्रीकमध्ये समुद्रमार्गाची वही लिहिली, आणि तिच्यात आपण सगळे आहोत. सोपारा आहे, कल्याण आहे, चौल आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर. कुठे काय विकत मिळतं, कुठल्या खाडीत खडक आहे, भडोचच्या नर्मदेत भरती कशी चढते, सगळं आहे. त्याची भाषा कच्ची आहे असं जाणकार म्हणतात. पण पैठण त्याच्याकडे आहे, स्ट्रॅबोकडे नाही.

भडोचचा एक माणूस मात्र स्ट्रॅबोच्या ग्रंथात शिरला आहे. ऑगस्टसकडे हिंदुस्थानातून एक वकिलात गेली होती, तिच्याबरोबर गेलेल्या एका साधूने अथेन्समध्ये स्वतःला जाळून घेतलं. त्याच्या थडग्यावर त्याचं नाव, बार्गोसाचा हिंदी, आणि आपल्या देशाच्या परंपरेप्रमाणे त्याने स्वतःला अमर केलं, असं कोरलं होतं. बार्गोसा म्हणजे भडोच. हीसुद्धा ऐकीव हकिगत, पण ती दमास्कसच्या निकोलस या विद्वानाकडून आलेली, म्हणून घेतली.

त्याला दोष देताना माझी मलाच आठवण झाली, ती लिहितो. १९९७ साली एका गावात अकरा गुंठे मळीवरून दोन चुलत घराण्यांत तंटा होता. लगतधारकांना नोटिसा देऊन मी गेलो, रस्त्याकडच्या शाबूत दगडांवरून मोजणी बांधत नदीकडे आलो. नदीकडच्या जांभळीशेजारी एक हद्दीचा दगड होता, तो धरून रेघ पक्की केली. बांधावर एक म्हातारी बसून होती. म्हणाली, “सायेब, त्यो दगुड तितला न्हवं. थोरल्या पुरात वाहून आला, माझ्या सासऱ्यानं हिकडं आणून पुरला. नदी त्या वक्ताला जांभळीच्या लई पल्याड हुती.” मी म्हणालो, “आजी, तुम्ही खातेदार आहात का?” तिच्या नावावर जमीन नव्हती. मी तिचं बोलणं पंचनाम्यात घेतलं नाही. दगड दिसत होता, मी तो मोजला होता.

वरच्या अधिकाऱ्यांनी अडीच वर्षांनी निमताना मोजणी, म्हणजे तक्रारीवरून फेरमोजणी, केली तेव्हा मूळ टिपण निघालं. दगड जागचा हललेला होता, दोन साखळ्या आणि काही आणे. म्हातारी म्हणाली होती त्याच अंगाला. ती तेव्हा हयात नव्हती. तिचं नाव मला आजही माहीत नाही, कारण मी ते विचारलंच नव्हतं.

लक्सरला गेलो तेव्हा हे सगळं डोक्यात होतं. नाईलच्या पश्चिम काठावर मेम्नॉनचे म्हणून ओळखले जाणारे दोन प्रचंड बसलेले पुतळे आहेत. सगळ्या बसगाड्या तिथे थांबतात. स्ट्रॅबोच्या वेळी त्यातल्या एकाचा वरचा भाग भूकंपात पडलेला होता, आणि उरलेल्या भागातून रोज एकदा हलकासा ठोका मारल्यासारखा आवाज येतो अशी ख्याती होती. तो गॅलसबरोबर गेला, सोबत मित्र आणि शिपायांचा जमाव. दिवसाच्या पहिल्या तासाला त्याने तो आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला. आणि लिहिलं: बैठकीतून आला, पुतळ्यातून आला, की खाली उभ्या असलेल्यांपैकी कुणी मुद्दाम काढला, हे मला खात्रीने सांगता येणार नाही, कारण कळत नाही तोवर, असे रचलेले दगड बोलतात यापेक्षा दुसरं काहीही मानायला मी तयार आहे. आवाज ऐकला हे लपवलं नाही, आणि ऐकला म्हणून मानलाही नाही. सतरा पुस्तकांत मला सर्वांत प्रिय असलेली जागा हीच.

आमची बस सातच्या आत पोचली. थंडी होती, पुतळ्यांच्या गुडघ्यांवर नुकतं ऊन आलं होतं. गाइडने वीस मिनिटं दिली. लोक फोटो काढायला पुढे गेले, मी दोरीपाशी उभा राहून कान देत राहिलो. पलीकडे शेतं होती, त्यांत उसाचा फड. ही शेजारी येऊन उभी राहिली.

“काही ऐकू येतंय का?” मी विचारलं.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “कोयता. तिकडं तोड चाललीय वाटतं.”

मला काही ऐकू आलं नव्हतं. फडाकडे पाहिलं, तिथे माणूस दिसत नव्हता. खिशातून वही काढली आणि लिहिलं: मेम्नॉनचे पुतळे, सकाळी सात, ठोक्यासारखा आवाज. ऐकला, हिने. मी नाही. खाली तिचं पूर्ण नाव लिहिलं.